झाकण

आमच्या कंपूत एक नियम आहे. फोटो मोबाइलवर दाखवायचा नाही. कागदावर काढून आणायचा, पोस्टकार्डाएवढा का होईना, आणि टेबलावर ठेवला की आपण गप्प बसायचं. कुठे काढला, ऊन किती होतं, तिथवर पोचायला काय हाल झाले, हे सगळं नंतर. आधी बाकीच्यांनी बघायचं. हे ‘नंतर’ उजाडायला कधी कधी दुसरा चहा लागतो.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चार-पाच जण पुण्यात कॅम्पातल्या एका इराण्याकडे जमतो. वय, पगार, राजकारण, कशाचाच मेळ नाही. मेळ एवढाच, की प्रत्येकाजवळ एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका १९५४ सालचे, आणि त्यांच्याजवळचा लायका एम-३ बाजारात आला तोही १९५४ सालीच. दोघांपैकी आपलाच खटका आधी अडकेल असं काका म्हणतात. सॉफ्टवेअरमधली एक मुलगी कॅनोनेट घेऊन येते. एकाजवळ फेड आहे, म्हणून तो फेडवाला. फेड म्हणजे युक्रेनमधल्या खारकिवला, बेघर मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून बनायला लागलेली लायकाची नक्कल. नाव मात्र सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून! हल्ली अशाच सोव्हिएत कॅमेऱ्यांवर सोनेरी मुलामा चढवून, वर जर्मन गरुड कोरून, ‘महायुद्धातला लायका’ म्हणून ते विकतात. फेडवाला आधी अशाच एका गरुडाला भुलला होता. ती गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगतो, म्हणून त्याला कुणी चिडवत नाही.

आणि माझ्याकडे वडिलांचा याशिका इलेक्ट्रो ३५. तिच्यासाठीची पाऱ्याची बॅटरी आता कुणी बनवत नाही, त्यामुळे वेगळी बॅटरी आणि एक नळकांडं असा जुगाड करून ती जिवंत ठेवली आहे. (वडील कॅमेऱ्याला ‘ती’च म्हणायचे. आईला ते फारसं आवडत नसे.)

ज्यांनी असा कॅमेरा डोळ्याला लावलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, आपण थेट लेन्समधूनच बघतो. इथे आरसा नाही. लेन्स तिचं तिचं बघते आणि आपण वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून आपलं आपलं. त्या खिडकीत मधोमध एक फिकट ठिपका असतो आणि ठिपक्यात जग दोनदा दिसतं, कारण शेजारच्या दुसऱ्या लहान खिडकीतून आलेलं चित्रही तिथेच पडतं. लेन्सचं कडं फिरवलं की एका माणसाची दोन भुतं सरकत सरकत एकमेकांत शिरतात. शिरली, की फोकस झाला. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात तेच गणित, फक्त पितळ-पोलादात बसवलेलं.

पण खरी गंमत चौकटीची. लायकाच्या खिडकीत फोटोची हद्द उजळ रेघांनी आखलेली असते आणि रेघांच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. सायकलवाला चौकटीत शिरायच्या आधीच दिसतो. खटका दाबल्यावरही डोळ्यांपुढे काळोख होत नाही. त्यामुळे आमच्यापैकी प्रत्येकाला फोटोत नसलेलं काहीतरी पाहिल्याची खात्री असते, आणि निम्मी भांडणं त्यावरच होतात. ‘उजवीकडे काय होतं?’ हा काकांचा ठरलेला प्रश्न. उत्तर रंजक निघालं की ते पुढे म्हणतात, ‘मग ते का नाही घेतलंत?’

प्रवासाचे फोटो आमच्याकडे सहसा मार खातात. काशीचा साधू आणि म्हातारीच्या सुरकुत्या यांवर तर बंदीच आहे. कॅनोनेटवाली लडाखला जाऊन आली आणि तिने तळ्याचे सहा फोटो मांडले. कुणी काही बोलेना. सातवा होता वाटेतल्या ढाब्याच्या बेसिनचा. त्यावर एक झिजलेला साबण आणि आरशाच्या फुटक्या कोपऱ्यात बर्फाचा डोंगर. त्यावर अर्धा तास गेला. तिला जरा रागच आला, कारण तळ्यासाठी ती पहाटे साडेतीनला उठली होती. काका कुठे जातच नाहीत. तीन वर्षं ते स्वतःच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढताहेत. हल्ली आम्हाला दोरीवरचे कपडे बघून त्यांच्याकडे पाहुणे आलेत का, ते कळतं.

फेडवाल्याचे फोटो बहुधा अस्पष्ट असतात. कुणी टोकलं की तो ३० जानेवारी १९४८ काढतो. गांधीजी गेल्याचं नेहरू बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून सांगताहेत, तो फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँचा फोटो. हललेला, रवाळ, त्यात दिव्याचा झगझगाट. ‘हा शार्प आहे का?’ तो विचारतो. युक्तिवाद बिनतोड आहे, पण भाचीच्या बारशाच्या फोटोंना तो लागू करणं मला पटत नाही.

या आषाढीच्या आधी माझी फजिती झाली. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी मी वडकीपासून दिवेघाट चढलो. रथाला गावकऱ्यांच्या जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, घाट भगव्या पताकांनी भरला होता आणि पावसाची भुरभुर चालू होती. भिंगावर थेंब नकोत म्हणून झाकण लावलं. मग माणसं दिसत गेली आणि मी फोटो काढत गेलो. एकूण अकरा.

एसएलआर असता तर पहिल्याच फोटोला समोर काळोख दिसला असता. इथे खिडकी स्वच्छ, दोन भुतं व्यवस्थित एक होत होती. माझ्या याशिकाचा प्रकाश मोजणारा डोळाही लेन्समागे नाही, वर अंगावरच बसवलेला आहे. त्यामुळे उजेड जास्त किंवा कमी असल्याचा इशारा देणारा लाल दिवा नाही की पिवळा नाही. ती आपली झाकणाच्या आतल्या अंधाराचे अचूक एक्स्पोजरचे फोटो काढत होती.

रोल धुऊन आला तेव्हा त्या अकरा चौकटी काचेसारख्या कोऱ्या. पट्टी फेकणार होतो, पण रविवारी प्रिंटऐवजी तीच टेबलावर ठेवली आणि नियमाप्रमाणे गप्प बसलो. काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा वर सरकवला, सावकाश एकेक चौकट पाहिली. मला वाटलं, आता हसतील.

‘पाचव्यात काय होतं?’ ते म्हणाले.

पाचव्यात एक आजी होती. डोक्यावर तुळशीवृंदावन, आणि हातातला प्लास्टिकचा कागद तिने स्वतःवर नाही, तुळशीवर धरलेला. पदर भिजून खांद्याला चिकटला होता. तुळशीला पाऊस का लागू द्यायचा नाही, हे मला तिथेही कळलं नव्हतं.

कुणी बनमस्क्याला हात लावला नाही. मग कॅनोनेटवालीने बिलाची पाठ आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी चौकट आखली. डावीकडे आजी, मागे घाटाचं वळण, उजवीकडे रेघेबाहेर बैलाची शिंगं. डोक्यावर वृंदावनही जमलं. मग पेन थांबलं.

‘कागद कुठल्या हातात होता?’ काकांनी विचारलं.