दामोदरच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलाचं नाव दामोदर म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, "आजोबांचं ठेवलंत का?" आणि मग, "म्हणजे अर्थ काय त्याचा?" आजोबांचं नाही. आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं आणि अर्थासाठीच ठेवलं.

दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. ज्याच्या पोटाला दोरी बांधली तो दामोदर. दाम म्हटल्यावर काहींना पैसा आठवतो, पण तो दाम निराळा. ग्रीकांच्या द्राख्म नाण्याचा आपल्याकडे द्रम्म झाला आणि त्याचा पुढे दाम. नावातला दाम गोठ्यातला आहे. गुरांना बांधायचं दावं त्याच शब्दातून आलं.

गोष्ट भागवताच्या दहाव्या स्कंधात, नवव्या अध्यायात आहे. यशोदा दही घुसळत असते, कृष्ण दूध प्यायला येतो, ती त्याला मांडीवर घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं. ती त्याला तसाच खाली ठेवून धावते. पोट भरलेलं नसतं, राग येतो, तो दह्याचं मडकं फोडतो. नंतर सापडतो तो पालथ्या उखळावर उभा राहून माकडांना लोणी वाटताना. यशोदा छडी घेऊन मागे लागते, पण पकडल्यावर पोर घाबरलंय हे पाहून छडी टाकून देते. ही ओळ मला फार आवडते.

मग ती त्याला उखळाला बांधायला जाते आणि दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडली तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपल्या तरी तेच. गवळणी हसतात, यशोदाही हसते. शेवटी तिला घाम फुटलेला, केसांतली फुलं गळलेली बघून त्याला दया येते आणि तो स्वतःला बांधून घेतो. पुढे उखळ ओढत जाऊन तो यमलार्जुन वृक्ष पाडतो, कुबेराच्या दोन मुलांना शापातून सोडवतो, तेही आहेच. पण नाव पडलं ते दोरीवरून.

विष्णूची किती नावं पराक्रमाची आहेत! मधुसूदन, मुरारी, कंसारी, म्हणजे मधूला, मुराला, कंसाला मारणारा. या नावात कुणी मेलेलं नाही. दमलेल्या आईची दया येऊन थांबलेलं एक मूल आहे. आई झाल्यावर मला याहून मोठं नाव सापडलं नाही.

विद्वानांनी दुसरेही अर्थ लावले आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात संजय कृष्णाची नावं उलगडून सांगतो, तिथे दामोदर 'दम' म्हणजे इंद्रियनिग्रहावरून आलेलं आहे. तो अर्थ उंच आहे, मी त्याला नमस्कार करते. पण महाभारताला जोडलेला हरिवंश हा ग्रंथ सांगतो की गोकुळातल्या गवळणी त्याला दामोदर म्हणू लागल्या, आणि माझा कौल त्यांच्या बाजूने आहे. बायकांनी हसत हसत पाडलेलं हे नाव पुढे संध्येत, म्हणजे रोजच्या संध्यावंदनात, जाऊन बसलं. केशव, नारायण, माधव असं म्हणत गेलं की बारावं नाव दामोदर. मार्गशीर्षाला केशव धरून एकेका महिन्याला एकेक नाव दिलं की कार्तिकाच्या वाट्याला दामोदर येतो, म्हणून कार्तिकात दामोदराची पूजा. आमचा मुलगा कार्तिकातलाच, त्यामुळे शंका उरली नाही.

गोव्याच्या लोकांना मात्र वेगळंच आठवतं. जांबावलीचा श्री दामोदर हा शिव. विष्णूचं नाव शंकराला कसं, असं कुणी तिथल्या भक्तांना विचारत बसत नाही, आणि मलाही त्यात काही खटकत नाही.

राहिला प्रश्न जुनेपणाचा. जुनं आहे, मान्य. पण दामोदर धर्मानंद कोसंबी गणितातून प्राचीन भारताच्या इतिहासाकडे गेले तेव्हा या नावाने त्यांना कुठे अडवलं? उच्चारायला सोपं आहे, लिहिताना चुकत नाही आणि हाक मारायला शेवटचा 'दर' छान लांबतो. लाडाने दामू म्हणा, आम्हीही म्हणतो.