आयईएलटीएस रायटिंग आणि 'बाय' : माझा अनुभव

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत अर्ज, फी, पासपोर्ट, लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग, यातलं काही अडलं नाही. अडलं ते ॲकॅडमिक रायटिंगच्या टास्क वनमध्ये, म्हणजे आलेख किंवा आकृती बघून वर्णन लिहायच्या पहिल्या प्रश्नात, एकट्या 'बाय' (by) या शब्दापाशी. बडोद्यात मी ज्या क्लासला जात होते तिथे प्रीपोझिशनची झेरॉक्स यादी पाठ करायला देत: बाय बस, बाय हँड, बाय मिस्टेक. यादी पाठ झाली तरी तपासलेल्या उत्तरात तिथेच लाल गोल, आणि का ते कुणी सांगेना. त्याचा राग अजून आहे, कारण हे एका बैठकीत समजावता येतं.

एखाद्या शहरात सायकल वापरणारे 30 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेले, असा आलेख समजा. 'रोझ टू' नंतर पोचलेला आकडा येतो, म्हणजे 50. 'रोझ बाय' नंतर फरक येतो, म्हणजे 20. मराठीत आपण हे कधी चुकत नाही: 'पन्नासवर गेले', 'वीसने वाढले'. 'वर' असेल तिथे टू, 'ने' असेल तिथे बाय. मराठीत विचारच करू नका असं क्लासमध्ये बजावतात. इथे खुशाल मराठीतच करा.

पण 'रोझ बाय 20 पर्सेंट' लिहिलंत तर उत्तर पुन्हा चुकलं. 30 चे 20 टक्के होतात 6, म्हणजे आकडा झाला 36. दोन टक्केवारींतला फरक 'बाय 20 पर्सेंटेज पॉइंट्स' असाच लिहायचा. टन, रुपये, माणसं असली तर ही भानगड नाही.

शिवाय हे 'बाय' क्रियापदाचं आहे. 'ॲन इन्क्रीज' असं नाम आलं की फरकाआधी 'ऑफ' लिहिणं पक्कं, आणि वाढ कशात झाली ते सांगायला 'इन'.

सालाआधीचा 'बाय' वेगळा. 'इन 2010' म्हणजे त्या वर्षी. 'बाय 2010' म्हणजे ते साल येईतो होऊन गेलेलं, म्हणून बरोबर 'हॅड रिझन'. पुढचं साल असेल तर 'विल हॅव रिझन'. 'अंटिल 2010' म्हणजे तोवर चालू असलेलं. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च येतं, त्यामुळे 'ने'ची युक्ती इथे चालत नाही. बडोदेकरांकडे मात्र गुजराती आहे! 'सोमवार सुधीमां आपजो' इथे बाय, 'सोमवार सुधी रहेजो' इथे अंटिल. शेवटी 'मां' लागला की बाय. ही खूण कुठल्याच यादीत नव्हती, आणि ती सापडल्यावर मला फार आनंद झाला.

बाकीचं थोडक्यात. प्रवासाच्या आलेखात 'बाय कार', पण 'इन देअर कार्स'; पायी जाणं 'ऑन फूट'. प्रोसेस डायग्राममध्ये, म्हणजे एखादी गोष्ट कशी होते ते दाखवणाऱ्या आकृतीत, काम करणाऱ्याला बाय आणि हातातल्या हत्याराला विथ.

वेळेचं आधीच सांगायला हवं होतं: टास्क वनला 20 मिनिटं, किमान 150 शब्द. टास्क टूचं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट असतं, तेव्हा इथे जास्त रेंगाळू नका. शेवटच्या दोन मिनिटांत 'रोझ', 'फेल' यांच्यापुढचे आकडे तेवढे बघा. आकडा आलेखावर बोट ठेवून दाखवता येत असेल तर टू, वजाबाकी करून काढला असेल तर बाय.