इम्पेलरचं हरवलेलं पातं सापडलं

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझ्या बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवरचं गवत काढलं, टेल-टेलची (थंड करणारं पाणी इंजिनात फिरतंय हे दाखवणाऱ्या छिद्राची) धार परत आली आणि काम झालं. ते चुकीचं होतं, म्हणून ही नोंद.

त्या दिवशी उथळ पाण्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पट्ट्यातून जाताना धार आधी बारीक झाली, मग तुटक, मग नुसती वाफ. अलार्म वाजेपर्यंत मी थांबायला नको होतं. इंजिन बंद करून वर उचललं, तर इनटेकच्या दोन्ही जाळ्यांवर गवताचा ओला थर बसलेला. पंपच तो ओढून धरत होता. इंजिन थांबताच बराचसा थर आपोआप गळून पडला. आता धार जरा जरी मंदावली तरी मी लगेच आयडलवर (इंजिनच्या सर्वांत कमी वेगावर) येतो आणि थोडा रिव्हर्स देतो. पंख्याला गुंडाळलेलं गवतही त्याने बऱ्याचदा सुटतं.

त्यानंतर आयडलवर धार मरगळलेली दिसायची आणि लोड दिला की काही मिनिटांत अलार्म. शेवटी गिअरकेस (इंजिनचा खालचा, पंखा असलेला भाग) उतरवून पंप उघडला. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या, सहा पात्यांपैकी दोन तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून तशीच राहिलेली, कडा घासून चकचकीत. रबराला वंगण म्हणजे तेच पाणी. ते थांबलं की पाती पंपाच्या आतल्या कोरड्या कपावर घासतात आणि फार वेळ तग धरत नाहीत.

एक तुकडा पंपाच्या तोंडाशीच मिळाला. दुसऱ्यासाठी अख्खी संध्याकाळ गेली. नवा इम्पेलर लावून मोकळं व्हायचा मोह झाला होता, पण तुटलेलं रबर पाण्याबरोबर वर जातं, हे माहीत असताना मन मानेना. तो तुकडा थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाखाली, अगदी वाट अडवून बसला होता. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टांगून तपासला. त्यावर छापलेल्या तापमानाजवळ तो व्यवस्थित उघडतो.

जोडणी करताना पात्यांना ग्लिसरीन लावलं आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पंपाचं हाउसिंग खाली दाबलं, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. इम्पेलर शाफ्टला अडकवणारी छोटी चावी आणि गॅस्केट नवीन. गिअरकेस वर चढवताना पाण्याची नळी ग्रोमेटमध्ये (रबरी कड्यात) बसली की नाही, हे टॉर्च लावून पाहिलं. पहिल्यांदा ती हुकली होती.

पिंपात चाचणी झाली, मग पाण्यात ४० मिनिटं. धार जाड, एकसारखी, हाताला कोमट. धार पूर्ण असूनही इंजिन तापलं असतं तर संशय थर्मोस्टॅटवर गेला असता. तसं काही झालं नाही.

परतल्यावर काढलेलं गवत बादलीत भरून कोरड्या जमिनीवर सुकवलं. हायड्रिला छोट्याशा तुकड्यातूनही पुन्हा वाढतं, दुसऱ्या पाण्यात ते माझ्या बोटीबरोबर जायला नको. टेल-टेलच्या छिद्रात घालून ते मोकळं करायला नायलॉनच्या जाड दोरीचा तुकडा आता बोटीतच ठेवलाय. मागे वळलेल्या पात्यांचा, गवतात न अडकणारा पंखा अजून बसवायचाय.