खाप्याजवळ कन्हानमध्ये कयाक आणि गरी : डिसेंबरची एक फेरी

डिसेंबरातल्या एका रविवारी मी आणि माझा आतेभाऊ कन्हानवर जाऊन आलो, कयाकवरून, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीतून, गरी टाकायला. तेव्हापासून जो तो विचारतोय की कुठं गेलते, काय नेलं, मासे खरंच लागले का नुसते फोटो काढून आले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी जागा. नागपूरहून कोराडी, पाटणसावंगी करत खाप्याला तासाभरात पोचतो, आम्ही साडेपाचला निघालो, थंडी अशी की हातमोजे घालूनही बोटं बधिर. कन्हान तशी मोठी नदी, छिंदवाड्याकडून सातपुड्यातून येते न पुढं वैनगंगेला मिळते, पावसाळ्यात तिच्या काठावर उभं राहायचीही हिंमत होत नाही. पण दिवाळी झाली की तिचे दोन-तीन फाटे होतात, मधे रेती, एका ठिकाणी पोटरीएवढं पाणी आणि पुढच्या वळणावर एकदम डोह. मला हे फाटेच आवडतात. तलावावर कयाक नेली की चारी बाजूला सारखंच पाणी, कुठं जावं तेच कळत नाही, इथं दर पन्नास पावलांवर काहीतरी वेगळं.

मी आधी बरीच वर्षं काठावरूनच गरी टाकायचो आणि अडचण नेहमी एकच, ती म्हणजे बेशरम. दोन्ही काठांना बेशरमाची झुडपं पाण्यात घुसलेली असतात, मासा बसतो नेमका त्यांच्या खाली आणि आपण उभे त्यांच्या मागं. कयाक घेतल्यावर पहिल्यांदा पाण्याच्या बाजूनं त्या झुडपांकडं बघितलं, आणि खरं सांगू का, बारा-तेरा वर्षं आपण उलट्या बाजूनं नदी बघत होतो असं वाटलं.

आमची कयाक हवा भरायची, दोन माणसांची, बॅगेत घालून गाडीच्या डिकीत मावते. कडक कयाक जास्त चांगली चालते पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं ती ठेवायची कुठं. पाण्यात उतरलो तेव्हा सव्वासात झाले होते, धुकं पाण्यावरून वर सरकत होतं आणि कुठं काही आवाज नाही, वल्ह्यावरून पडणारे थेंब तेवढे ऐकू येत होते. पाणकावळे तर आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत उडाले नाहीत. काठावरून चालताना दगड जरी सरकला तरी मासा पळतो, कयाकमध्ये गप बसलं तर आपण म्हणजे वाहत आलेला एक ओंडका.

पहिले दोन तास काहीच नाही, शून्य. मग रेतीतल्या डांगरांच्या वाडीपाशी एक म्हातारे ढिवर (मासेमारी करणारे) मामा डोंग्यात बसून जाळं काढत होते, त्यांनी आमच्या कयाककडं बघून आधी पोटभर हसून घेतलं.

"हे काय हो भाऊ, ट्यूब हाय का?"

मी म्हटलं मामा, डोंगाच आहे, हवेचा. मग म्हणे, "तं इथं मधात कायले फेकून राहिले? तिकडं बेशरमापाशी पाहा. मरळ सास घ्याले वर येते, बुडबुडा दिसला का तिथंच टाका."

मरळीचं हे खरंच आहे, तिला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, मधूनमधून वर येऊन घोट घ्यावाच लागतो. आम्ही वल्ही ठेवून दिली आणि नुसते बघत बसलो. दहा मिनिटांनी झुडपाच्या सावलीत टपकन आवाज, गोल लाटा. आतेभावानं गरीला लावलेला रबरी बेडूक (खोटं आमिष) त्याच्या चार हात पुढं टाकला, हळूहळू थांबत थांबत ओढला, आणि पाणी फुटलं ना बाप्पा! त्यानं लगेच दांडी खेचली न बेडूक रिकामा परत. इथं सगळेच चुकतात. मरळीनं बेडूक धरला की मनात एक-दोन म्हणायचं, दोरी ताठ होऊ द्यायची, मग झटका. दुसऱ्या वेळी त्यानं मोजलं आणि किलोच्या आसपासची मरळ आली, आली म्हणजे कयाकमध्ये आली आणि मग ती, तो, मी आणि चहाचा थर्मास असे सगळे एकत्र नाचलो. मासा धरायचा चिमटा आणि ओला टॉवेल मांडीजवळच ठेवा, मागच्या बॅगेत नको.

दुपारपर्यंत अजून दोन लहान लागल्या, त्या सोडल्या. एक मोठी मिळाली तेवढी घरच्यांना पुरते.

आता चुका. जेवायला उतरलो तिथं बाभळीचा काटा कयाकच्या डाव्या बाजूत घुसला. हिचे हवेचे कप्पे वेगवेगळे असतात म्हणून बुडालो नाही, पण एका अंगावर कलून परत आलो, आतेभाऊ उजवीकडं सरकून बसलेला आणि मला शिव्या देत. पंक्चरचं किट होतं, ते गाडीत. तुम्ही ते सोबत ठेवा आणि काठावर कयाक ओढू नका, उचला. सकाळच्या थंडीत टणक भरलेली कयाक दुपारी उन्हात ठेवली की आतली हवा फुगते, तेव्हा काठावर लावली की थोडी हवा सोडायची.

निघताना आधी प्रवाहाच्या उलट जा, अंगात दम असतो तोवर, परत येताना नदी आणून सोडते आणि दुसऱ्या टोकाला गाडी लावायची भानगड नाही. दुपारी वारा सुटतो न कयाक गोल फिरायला लागते, त्यासाठी जाळीच्या पिशवीत दगड घालून वीस फूट दोरी बांधली होती, मस्त काम झालं. फक्त दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, प्रवाहात मधे बाजूला बांधली तर कयाक उलटू शकते. दांडी साडेसहा फुटांची पुरे, गरीची दोरी विणलेली (ब्रेडेड), जाडच घ्या, नाहीतर बेशरमात अडकली की बेडूक गेला समजा, तीनशे रुपयांचा असतो तो.

लाइफ जॅकेटवर वाद घालू नका. रेती उपसून उपसून नदीत खड्डे झालेत, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोक्यावरून पाणी. उतरायचं तर आधी वल्ह्यानं खोली बघा. खाली वाकीचा डोह आहे, तिथं आजवर कितीतरी पोरं बुडालीत, आम्ही तिकडं जातच नाही. पेंचच्या जंगलात, तोतलाडोहला मासेमारीला बंदी आहे, तिथं गरी काढूही नका. बाकी ठिकाणीही मासेमारी सोसायटीचा ठेका असू शकतो, तिथल्या ढिवर लोकांना आधी विचारा, आणि त्यांच्या जाळ्याच्या जवळून वल्हं मारू नका. पावसाळ्यात तर अजिबात जाऊ नका, पूर हे एक कारण आणि मरळ तेव्हा पिलांची राखण करत असते हे दुसरं, तिला उचललं की पूर्ण झुंड दुसऱ्या माशांच्या पोटात.

परतताना मामा पुन्हा भेटले. म्हटलं बसून बघता का, तर बसले, दोन वल्ही मारली, बोटानं रबर दाबून बघितलं आणि किंमत विचारली. मी सांगितली.

"एवढ्यात तं माह्याले दोन डोंगे होतात," म्हणाले, आणि उतरताना काटा लागलेल्या जागेवर हात ठेवून, "अन् ते बाभळीले भेत नाई."