संकीर्णाचे कपाट

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या सभासदत्वाच्या अर्जावर नाव, पत्ता आणि अनामत रकमेखाली 'आवडीचा विषय' असा एक रकाना आहे आणि त्याच्यापुढे जेमतेम बोटभर जागा सोडलेली आहे. २२ वर्षांपूर्वी तो अर्ज भरताना मी त्या बोटभर जागेत इतिहास, पक्षी, भाषा आणि स्वयंपाक एवढे शब्द कोंबले आणि उरलेले विषय समासात उतरवले. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिले, ते सगळे एका रेघेने खोडले आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिले, 'संकीर्ण'.

थोडा अपमान वाटला, हे खरे. पण जिन्याखालचे, एक काच तडकलेले 'संकीर्ण' नावाचे कपाट पाहिल्यावर तो ओसरला. कोणत्या विषयात घालावीत याचा निकाल न लागलेली पुस्तके तिथे शेजारी शेजारी नांदत होती. एका विषयावर ज्याचे भागत नाही अशा वाचकाने कथा-कादंबऱ्यांपलीकडचे काय वाचावे, असे मला कोणी विचारले की मी आजही त्याला त्या जिन्याखाली नेतो.

पहिले पुस्तक हातात देतो ते विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला, आणि नेमके साल होते १८५७. ज्या वाटेने दक्षिणेसाठी जायचे त्याच वाटेवर बंडाचा वणवा पेटला. पुढे गोडसे भटजी झाशीत असताना शहराला वेढा पडला आणि तोफांचे गोळे, लूट, कत्तल हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पण मी ज्या पानासाठी हे पुस्तक पुन्हा पुन्हा काढतो ते लढाईचे नव्हे. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, धुळीने माखलेली आणि तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटते. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर ती सांगते की तुम्ही विद्वान ब्राह्मण आहात, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि मडक्याने पाणी ओढून ओंजळीने पिते. त्या ओंजळीत मला जे दिसले ते राणीच्या घोड्यावरच्या पुतळ्यांत कधी दिसले नाही. वारंवार लुटला गेलेला हा माणूस अखेर घरी परतला तो आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे लिहून काढले आणि सरकारच्या धाकाने बाड पडून राहून अखेर १९०७ साली छापले गेले. आता हा इतिहास म्हणावा, प्रवासवर्णन म्हणावे की कर्जबाजारी गृहस्थाची जमाखर्चाची वही?

दुसरे पुस्तक, त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा', १९१५ सालचे. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते, त्यामुळे गाव त्यांनी दप्तरातूनही पाहिले आणि चावडीवर बसूनही. लोकांची वस्ती ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही जोडी आपण सहज बोलून जातो. पण पांढरीचे काळीवर हक्क कोणते, बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या ओळीत कोण बसतो आणि खळ्यावर कोणाच्या पदरात किती धान्य पडते, हे वाचताना गाव म्हणजे केवढे गुंतागुंतीचे यंत्र होते ते कळते. फिरस्त्यांवरचे प्रकरण मात्र सावधपणे वाचावे, कारण भटक्या जमातींकडे पाहताना आत्र्यांच्या डोळ्यांवर सरकारी अंमलदाराचा चष्मा चढतो आणि तो उतरत नाही. मला तर पुस्तकाचा हा दोषसुद्धा उपयोगाचा वाटतो. त्या काळचा शहाणासुरता माणूस कुठे आंधळा होता तेही त्यातून समजते.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'विषयी मी फार बोलत नाही. १९५६ चे हे पुस्तक 'वसंतहृदय चैत्र' म्हणत सुरू होते आणि महिन्यामहिन्याने पुढे सरकते. ज्याला ते आवडायचे त्याला तो महिना संपायच्या आत आवडते. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'बद्दल मात्र बोलावे लागते, कारण आमच्याकडे ते बरीच वर्षे 'धार्मिक' या कपाटात, पोथ्यांच्या शेजारी, होते. मानववंशशास्त्राचा अभ्यास करणारी बाई महाभारतातल्या माणसांची नाती तपासते आणि युधिष्ठिर विदुराचा मुलगा असावा काय, असा प्रश्न शांतपणे मांडते, हे त्या कपाटापुढे श्रद्धेने उभ्या राहणाऱ्या किती जणांच्या लक्षात आले असेल, कोण जाणे.

आणि हो, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. हसू नये. १९७० सालच्या या पुस्तकाने 'अंदाजाने' या शब्दाची सद्दी मोडून वाटी आणि चमचा ही मापे स्वयंपाकघरात पक्की केली. आमच्या आजीला ते शेवटपर्यंत रुचले नाही. मीठ मोजून घालणारी सून तिला हिशेबनीस वाटे. पण घर सोडून परगावी राहणाऱ्या कित्येकांना साधे वरण जमले ते त्या वाटीमुळेच, हे आजीसमोर म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

परवा शेजारची मुलगी, स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची, 'माझा प्रवास' परत करायला आली. आठ दिवसांचा उशीर झाला होता, दंड तिने मुकाट्याने भरला. मग टेबलापाशी रेंगाळत तिने विचारले की गंगेपासून वरसईपर्यंत कावड खांद्यावरून आणायची तर तिचे वजन किती असेल आणि वाटेत पाणी सांडत कसे नसेल. ग्रंथपालबाईंनी तोंड न उघडता पेनाच्या टोकाने जिन्याखाली खूण केली.