आमची वाटचाल: गोव्यातल्या साखळी गावचे इंजिन वर्कशॉप

आमच्याकडे पूर्वी टिपरांचे क्लच, गिअरबॉक्स, हेड असलेच काम यायचे. अख्खे इंजिन खोलायला खाणीवरच्या ट्रकवाल्याला सवड कुठली, ट्रिपा बुडायच्या! 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंदीमुळे थांबल्या आणि डिचोली तालुक्यात अंगणाअंगणांत ट्रक उभे राहिले. 2014 मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली, पुन्हा तेच. पावसाळे उघड्यावर काढलेले इंजिन वरून धड दिसते. खोलले की बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज, रिंगा पिस्टनला चिकटलेल्या. नवा ट्रक परवडणार कुणाला? तेव्हापासून जुने इंजिन घ्यायचे आणि तयार रिकंडिशन, म्हणजे खोलून दुरुस्त केलेले इंजिन द्यायचे, हा आमचा मुख्य धंदा झाला.

जुन्याची किंमत ब्लॉक बघून ठरते. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर ते भंगारच, मग कितीही घासाघीस करा. टाटाचे 697 इंजिन आमच्या हातातले: सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर. क्रँक ग्राइंडिंगला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासून मापात आणायला) चोर्ला घाटातून बेळगावला जातो. तिथे कारखान्यांतच वाढलेले कारागीर आहेत.

प्रत्येक इंजिनासोबत मापांचा कागद देतो. बोअर किती, क्रँक स्टँडर्ड म्हणजे मूळ मापाचा की घासून 0.25, 0.50 मिलिमीटर कमी केलेला, म्हणजे अंडरसाइज, बेअरिंगे त्याच मापाची का, सगळे लिहिलेले. रंग मारलेले चकचकीत इंजिन कुठेही मिळते. माप लिहून द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. हाफ इंजिन की फुल, हेही आधी विचारा. हाफमध्ये हेड, पंप, टर्बो तुमचा जुनाच लागतो. स्वस्ताईचे कारण बहुधा तेच असते.

आमची एक अट गिऱ्हाइकाला जाचते. जुने इंजिन कशाने गेले ते कळल्याशिवाय आम्ही नवे बसवत नाही. तांबड्या धुळीने चोंदलेला रेडिएटर किंवा आत लोखंडी चुरा अडकलेला ऑइल कूलर तसाच जोडला, तर दुसरे इंजिनही त्याच वाटेने जाते. इंजिन नंबर बदलतो, म्हणून आरटीओची परवानगी आधी आणि आरसीवर नोंद नंतर, हे कागद मालकाकडूनच करून घेतो. विम्यालाही कळवायला लावतो.

हल्ली चिऱ्यांच्या आणि खडीच्या गाड्या जास्त येतात. चवथीआधी प्रत्येकाला गाडी रस्त्यावर हवी असते, म्हणून ब्लॉक जुलैतच बोअरिंगला पाठवून ठेवतो.