जगाचा ताप मोजतात कसा?

वेधशाळेच्या आवारात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. लांबून कबुतरांच्या खुराड्यासारखी दिसते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. भिंती तिरप्या पट्ट्यांच्या असतात, म्हणजे वारा आरपार जातो पण ऊन आत शिरत नाही. आपल्याकडे दार उत्तरेला असतं. दक्षिणेला असतं तर हिवाळ्यात ते उघडताच ऊन थेट पाऱ्यावर पडलं असतं. (मे-जूनमध्ये महाराष्ट्रात दुपारचा सूर्य काही दिवस डोक्याच्या उत्तरेला जातो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की पेटीचं छप्पर पुरतं.) आत चार थर्मामीटर असतात: साधा, बुडाला ओलं मलमल गुंडाळलेला, कमाल आणि किमान. उंची जमिनीपासून साधारण सव्वा मीटर.

पृथ्वीचं तापमान वाढलं असं म्हणतात तेव्हा जमिनीवरचा मूळ पुरावा अशा हजारो पेट्यांतून आलेला असतो. आणि या पेट्या चुकतात. त्या कशा चुकतात हे समजल्याशिवाय पुराव्याचं वजन कळत नाही, म्हणून आधी चुकाच बघू.

रंग उडाला की लाकूड ऊन शोषतं आणि दुपारचा आकडा फुगतो. गवताच्या जागी फरशी आली की तेच. किमान थर्मामीटरमध्ये पारा नसून अल्कोहोल असतं. त्यातलं थोडं वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जमतं, खालचा स्तंभ तेवढा तोकडा होतो आणि रात्र आहे त्यापेक्षा थंड नोंदली जाते. या चुका निरीक्षकाला डोळ्यांनी दिसतात. न दिसणारी चूक वेळेची असते.

कमाल थर्मामीटरच्या नळीत बुडाजवळ एक अरुंद गळा असतो, ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा. पारा वर चढतो, पण आपोआप उतरत नाही. नोंद झाली की झटकून उतरवावा लागतो. आता समजा हे काम संध्याकाळी पाच वाजता होतं. आज कमाल ४२ अंश होतं आणि पाच वाजताही हवा ३९ वरच आहे. झटकला तरी पारा ३९ वर थांबतो. उद्या वळीव पडला आणि दिवसभरात हवा ३५ च्या वर गेलीच नाही, तरी उद्याच्या रकान्यात ३९ पडणार. एक गरम दुपार दोन दिवसांच्या नावावर लागली. नोंद सकाळी घेतली तर उलट होतं: थंड पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेतल्या हजारो स्वयंसेवी केंद्रांनी विसाव्या शतकात नोंदीची वेळ हळूहळू संध्याकाळवरून सकाळवर आणली. कच्च्या आकड्यांत त्यामुळे अमेरिका थंड होत असल्याचा भास झाला. ही दुरुस्ती करावीच लागते, आणि ‘शास्त्रज्ञ आकडे वाढवतात’ ही तक्रार बहुतेक वेळा या एका दुरुस्तीकडे बोट दाखवून केली जाते.

केंद्राची जागा बदलणं हा आणखी एक घोळ. त्यावर जुना उपाय असा, की नवी जागा सुरू झाली तरी जुनी लगेच बंद करायची नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हा १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या गेल्या. विषय चुंबकत्वाचा, पण रीत तीच. दोन्ही मालिकांतला फरक कळला की सांधा जुळवता येतो. जिथे असं केलेलं नसतं तिथे शेजारची केंद्रं कामी येतात. आजूबाजूच्या दहा ठिकाणी काही झालं नाही आणि एकाच ठिकाणी मार्च महिन्यापासून पारा एकदम अर्धा अंश खाली गेला, तर हवामान बदललेलं नाही, पेटी बदलली आहे.

शहरं तापतात हेही खरंच. म्हणून अमेरिकेने या शतकाच्या सुरुवातीला वस्तीपासून लांब, मोकळ्या जागी शंभरावर नवी केंद्रं उभारली, प्रत्येकात तीन-तीन प्लॅटिनम थर्मामीटर, म्हणजे एक बिघडला तर दोघे त्याला पकडतात. दुरुस्त केलेल्या जुन्या जाळ्याचा आलेख आणि या कोऱ्या जाळ्याचा आलेख एकमेकांवर बसतात. रिचर्ड मुलर या भौतिकशास्त्रज्ञाला जुन्या पद्धतींवर शंका होती. त्यांनी २०१० मध्ये बर्कली अर्थ हा गट काढून सुमारे ३९,००० केंद्रांचे आकडे वेगळ्या गणिताने पुन्हा मांडले. उत्तर तेच आलं, आणि त्यांनी ते जाहीरपणे मान्य केलं.

पण पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाणी आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. जहाजावरून समुद्राचं तापमान घ्यायची जुनी पद्धत म्हणजे दोरीने बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा. बादली कॅनव्हासची असेल तर ती वर येईपर्यंत वाऱ्याने पाणी गार होतं, माठासारखं. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान घेऊ लागले. ते इंजिनखोलीच्या उबेने किंचित जास्त येतं. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा घेऊन बादली ओढणं म्हणजे शत्रूला आमंत्रण, म्हणून इंजिनाचे आकडे वाढले. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजं पुन्हा बादलीवर आली आणि १९४५ च्या सुमारास जगाचे समुद्र एकदम गार झाल्यासारखे दिसले. गार झाली होती ती बादली.

ही बादलीची चूक सुधारायची तर जुने आकडे वर सरकवावे लागतात. जुनं वर गेलं की आजपर्यंतची वाढ कमी दिसते. जमीन आणि समुद्र मिळून हिशेब केला तर सगळ्या दुरुस्त्यांचा एकत्र परिणाम म्हणजे शतकभराची तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा थोडी कमी होते. आकडे फुगवण्याचा कट असेल तर फारच बावळट कट म्हणायचा.

सरासरी काढतानाही एक खाच आहे. समजा एक केंद्र डोंगरावर, मे महिन्याची सरासरी २४ अंश. दुसरं पायथ्याला, ३२ अंश. दोन्हींची सरासरी २८. डोंगरावरचं केंद्र बंद पडलं की सरासरी थेट ३२, काहीही न तापता चार अंशांची वाढ. म्हणून तापमानाची सरासरी काढतच नाहीत, फरकाची काढतात. प्रत्येक केंद्राची, प्रत्येक महिन्याची तीस वर्षांची सरासरी धरायची आणि यंदाचा आकडा तिच्यापेक्षा किती वर-खाली आहे तेवढंच घ्यायचं. दोन्ही केंद्रं यंदा ०.६ ने वर असतील, तर एक बंद पडलं तरी उत्तर ०.६ च राहतं.

हे घरी करून बघता येतं. नासाच्या गिस्टेंप संकेतस्थळावर केंद्रनिहाय मासिक आकडे फुकट मिळतात, कच्चे आणि दुरुस्त दोन्ही. लांब लांबची पन्नास-साठ केंद्रं निवडा, १९५१ ते १९८० हा पाया धरा, पाया काळातली निदान वीस वर्षं भरलेली नसतील ती वगळा, महिन्यागणिक फरक काढा. मग पृथ्वीचे अक्षांश-रेखांशाचे चौकोन पाडून चौकोनातल्या केंद्रांची आधी आपसात सरासरी घ्या, नाहीतर युरोप-अमेरिकेची गर्दी बाकी जगाला गिळते. शेवटी प्रत्येक चौकोनाला त्याच्या अक्षांशाच्या कोसाइनइतकं वजन द्या. ६० अंशांवरचा चौकोन विषुववृत्तावरच्याच्या निम्मा असतो. एक्सेलमध्ये दोन सुट्ट्यांचं काम. गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्याने १९३८ मध्ये फावल्या वेळात १४७ केंद्रांवर हे हाताने केलं होतं, आणि त्याचा आलेख आजच्या आलेखाशी छान जुळतो.

या हिशेबाचं २०२४ अखेरचं उत्तर: जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ हे वर्ष १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं, आणि तोवरच्या नोंदींतली सर्वांत गरम दहा वर्षं म्हणजे २०१५ ते २०२४ ही सलग दहा.

उपग्रहांचा पुरावा मी दुसऱ्या रांगेत ठेवतो. ते तापमान मोजत नाहीत. ऑक्सिजन रेणूंचं मायक्रोवेव्ह उत्सर्जन मोजतात आणि त्यावरून काढतात. नव्वदच्या दशकात या आकड्यांत वाढ जवळपास दिसत नव्हती. मग लक्षात आलं की उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येते त्याचा हिशेब धरलेला नव्हता. २००५ मध्ये आणखी एक सापडलं: उपग्रह एखाद्या जागेवरून जायची वेळ वर्षागणिक सरकते, त्यासाठी केलेल्या दुरुस्तीचं चिन्हच उलटं पडलं होतं. सुधारल्यावर तपांबर, म्हणजे हवेचा जमिनीलगतचा पहिला थर, उपग्रहांनाही तापताना दिसू लागलं.

समुद्राच्या पोटातली नोंद जास्त भरवशाची. वाढीव उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा तिथेच जातो. सुमारे चार हजार आर्गो तरंगक जगभर सोडलेले आहेत. त्यात हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राने सोडलेलेही आहेत. तरंगक हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतो, बाहेरच्या पिशवीत तेल ढकलून फुगतो, वर येता येता तापमान आणि क्षार मोजतो आणि उपग्रहाला कळवतो. २००६ मध्ये समुद्र थंड होत असल्याचा निष्कर्ष यावरूनच निघाला होता. तपासलं तर काही तरंगकांत दाबाची, म्हणजे खोलीची, नोंद सरकलेली होती. खालचं गार पाणी वरच्या थराच्या नावावर जात होतं. ते आकडे बाजूला काढल्यावर थंडी गेली.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की हिंदी महासागराचा पश्चिम भाग १९०१ ते २०१२ या काळात जून ते सप्टेंबरच्या मोसमात सुमारे १.२ अंशांनी तापला. अरबी समुद्र आपल्या दारात आहे, त्यामुळे हा आकडा लक्षात ठेवावा.

तापतंय हे झालं. कशामुळे, याचा पुरावा वेगळ्या पेट्यांत आहे. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भागांच्या, आसपास होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. ‘ज्वालामुखीवर बसून कार्बन मोजतात’ असा टोमणा असतो. मौना लोआ ज्वालामुखीच आहे, पण त्याचा वायू रात्री उतरत्या वाऱ्याबरोबर येतो तेव्हा आकडा मिनिटामिनिटाला उड्या मारतो, आणि तेवढे तास गाळले जातात. शिवाय तो एकटा नाही. गोव्यात काणकोणजवळच्या काब द रामच्या कड्यावरून १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने भरून ऑस्ट्रेलियाला तपासायला जात. जागा मुद्दाम निवडलेली: पावसाळ्यात वारा थेट दक्षिण गोलार्धातल्या समुद्रावरून येतो, हिवाळ्यात भारताच्या जमिनीवरून, म्हणजे एकाच कड्यावर दोन हवा मोजता येतात.

असा नमुना भरणाऱ्याने वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाटली उघडताना श्वास रोखायचा असतो. उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. एक सुस्कारा टाकला की बाटली वाया.

हा जादा कार्बन कोळसा-तेलाचाच, हे त्याच्या वजनावरून कळतं. झाडं प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, कोळसा म्हणजे जुनी झाडं, म्हणून तो जळला की हवेतल्या कार्बन-१३ चं प्रमाण घसरतं. ते घसरतंय. कार्बन-१४ चं आयुष्य काही हजार वर्षांचं, त्यामुळे कोळशात तो उरलेलाच नसतो, आणि कोळशाचा धूर मिसळला की हवेतलं त्याचं प्रमाणही उतरतं. आणि जळायला ऑक्सिजन लागतो, तोही हवेत मोजण्याइतका कमी होतोय. ज्वालामुखीने या तिन्ही गोष्टी एकदम होत नाहीत.

सूर्य तापवत असता तर तपांबराच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तोही तापला असता. कार्बनने तापलं तर तपांबर गरम आणि स्थितांबर गार व्हायला हवं, हे मानाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने काढून ठेवलं होतं. मोजमापं नंतर आली, आणि स्थितांबर गार होताना दिसलं.

भारताबद्दल एक प्रश्न नेहमी येतो: आपल्याकडे वाढ कमी का? सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाची सरासरी सुमारे ०.७ अंशांनी वाढली, जगापेक्षा कमी. एक कारण धूर आणि धूलिकण, जे ऊन परत पाठवतात. दुसरं सिंचन: ओल्या शेतातून पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण ती उष्णता नाहीशी होत नाही, दमटपणाच्या रूपाने हवेत राहते, आणि साध्या थर्मामीटरला ती दिसत नाही. ती बघायची तर पेटीतल्या मलमलवाल्या थर्मामीटरकडे जावं लागतं: हवा जितकी कोरडी, तितकं मलमलातलं पाणी भराभर उडतं आणि तो साध्यापेक्षा खाली उतरतो. विदर्भातल्या दुपारी साधा ४२ आणि ओला २२ दाखवतो. घाम सुकतो, सावली आणि पाणी असेल तर माणूस तग धरतो. कोकणात साधा ३४ आणि ओला २९ दाखवतो, घाम सुकत नाही, आणि किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून सुरू होत असल्याने या दिवसाची गणना लाटेत होत नाही.

फक्त हा ओला आकडा वाचताना मलमल बघून घ्यावं. समुद्राकाठी त्यावर मीठ बसतं, मग पाणी नीट उडत नाही आणि हवा आहे त्याहून दमट दिसते. एरवी आठवड्याला बदललं तरी चालतं. किनाऱ्यावर त्याआधीच बदलावं लागतं, आणि पाणी डिस्टिल्डच घालायचं.